अ‍ॅप आले, वही गेली नाही



'जिल्हा परिषद शाळा आणि नवे तंत्रज्ञान' या विषयावर बोलताना मी कृत्रिम बुद्धिमत्तेपासून सुरुवात करावी, अशी आयोजकांची इच्छा होती. मी जनरल रजिस्टरपासून करतो.

ऊसतोडीला जाणाऱ्या घरातली एक मुलगी तिसरीत आहे. रजिस्टरला तिची जन्मतारीख 1 जून, आधारवर 1 जानेवारी. आडनावात एका इंग्रजी अक्षराचा फरक. मुलगी रोज हजर असते, पाढे म्हणते, खिचडी खाते. पोर्टलवर मात्र 'इनव्हॅलिड'. शिक्षकांची पदे ठरवणारी संच मान्यता आधार वैध असलेल्या पटावर ठरू लागल्यापासून अशा चार-पाच मुलांपायी शिक्षकाचे पद जाण्याची वेळ येते. मग गुरुजी मुलीला आणि तिच्या आजीला घेऊन तालुक्याचे आधार केंद्र गाठतात, कारण आईबाप फडात असतात. त्या दिवशी त्यांचे वर्ग कोणी सांभाळले, हे विचारणारा रकाना कुठल्याच पोर्टलवर नाही.

तंत्रज्ञान नको, असे म्हणणारा मी नव्हे. बदल्या ऑनलाइन झाल्या तेव्हा शिफारसपत्र घेऊन जिल्हा परिषदेच्या पायऱ्या झिजवणे किती कमी झाले, हे तुम्ही जाणता. शालार्थ आल्यावर पगारबिलांची कटकटही हलकी झाली. माझी तक्रार वेगळी आहे. 2015 मध्ये 'सरल' ही माहिती-प्रणाली आली, यू-डायस प्लस आले, पोषण आहाराची रोजची नोंद मोबाइलवर गेली. प्रत्येक वेळी कागद वाचेल असे सांगितले गेले. प्रत्यक्षात काय होते? ऑनलाइन भरा, त्याची प्रिंट काढा, सही-शिक्का मारा आणि दोन प्रती केंद्रावर जमा करा. शिवाय तीच माहिती केंद्राच्या ग्रुपवरच्या एक्सेलमध्ये 'आजच, अत्यंत तातडीने'! शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 27 नुसार जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणुका एवढीच अशैक्षणिक कामे शिक्षकाला लावता येतात. माहिती भरणे कायद्याच्या लेखी कदाचित अशैक्षणिक काम ठरत नसेल. दोन शिक्षकी शाळेत मात्र ते शिकवण्याच्याच वेळेतून वजा होते.

याउलट वर्गातून निघालेले तंत्रज्ञान बघा. सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या शाळेत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाला क्यूआर कोड जोडले, ते कोणाच्या परिपत्रकामुळे नव्हे. पुढे राज्याच्या पुस्तकांत क्यूआर कोड आले आणि 2020 मध्ये त्यांना जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. कौतुक आपण पुरस्काराचेच जास्त केले. शिक्षकाच्या गरजेतून निघालेली गोष्ट वर जाऊन धोरण झाली, हा प्रवास कोणत्या खिडकीतून झाला आणि ती खिडकी आज उघडी आहे का, हे विचारायचे राहून गेले.

खरेदी वरून झाली की काय होते, ते पाहायला अमेरिकेतले लॉस एंजेलिस घ्या. तिथल्या शाळा मंडळाने 2013 मध्ये प्रत्येक मुलाच्या हाती आयपॅड देण्याची योजना आखली. पैसा शाळा बांधण्या-सुधारण्यासाठी काढलेल्या कर्जरोख्यांचा. काही आठवड्यांतच मुलांनी त्यावरचे निर्बंध ओलांडले, त्यात भरलेला अभ्यासक्रम अर्धवट निघाला. 2014 मध्ये करार थांबला. त्याच मंडळाने मार्च 2024 मध्ये 'एड' नावाचा चॅटबॉट गाजावाजा करून आणला. जूनमध्ये तो बनवणाऱ्या कंपनीने बहुतेक कर्मचारी घरी बसवले आणि चॅटबॉट बंद पडला. एवढ्या श्रीमंत मंडळाची ही गत. आपल्याकडे 30 पर्यंत पट असलेल्या शाळेला समग्र शिक्षा योजनेतून वर्षाला 10,000 रुपये संयुक्त अनुदान आहे. खडू, दुरुस्ती, वीजबिल सगळे त्यातच. लोकवर्गणीतून आलेला प्रोजेक्टर बिघडला की तो कपाटात जातो, आणि साठा रजिस्टरला 'सुस्थितीत' असतो. नादुरुस्त लिहावे तर निर्लेखनाचा प्रस्ताव कोण करणार?

कृत्रिम बुद्धिमत्तेबद्दल थोडेच बोलतो. पाठ टाचण तिच्याकडून लिहून घेणारे या मंडपात बरेच असतील, घ्या. कोणी न वाचणारे टाचण यंत्राने लिहिले तर बिघडले कुठे? पण मुलांची नावे, गुण, आधार क्रमांक तिच्यात टाकू नका.

दुपारच्या सत्रात जिल्ह्याच्या तंत्रज्ञान समितीचा ठराव चर्चेला येणार आहे. मसुद्यात अधिकारी आहेत, पुरवठादारांचे सादरीकरण आहे, एक तज्ज्ञ आहे. माझी दुरुस्ती लिहून घ्यावी. समितीत दोन शिक्षकी शाळेतले किमान दोन शिक्षक असावेत. नवे अ‍ॅप सुरू करणाऱ्या आदेशातच कोणती नोंदवही त्या तारखेपासून बंद, हे लिहिलेले असावे. तसे नसेल तर मुख्याध्यापकाने तो आदेश परत पाठवावा. आणि तीन वर्षांच्या दुरुस्तीचा खर्च ज्या निविदेत नाही, ती उघडूच नये. अनुमोदक म्हणून जे उभे राहतील, त्यांनी जेवणाआधी कार्यवाहांकडे नाव द्यावे.