समन्स घ्या, हिशेब मागा



आज कर्जावर बोलतो. तुम्ही पुण्या-मुंबईत कामाला असाल, पण बँकेचं समन्स जातं ते गावाकडच्या पत्त्यावर, सातारा-सांगलीच्या वस्तीत. बेलिफ दिसला की आपला माणूस मागच्या दारानं पसार. "घरात न्हाईत" म्हणायला पोराला पुढं करतो. त्याला वाटतं, कागद घेतला नाही म्हणजे दावा अडला. दावा अडत नाही. समन्स दारावर डकवतात, तारखेला पुकारा होतो, तुम्ही नसता. हुकूमनामा एकतर्फी होतो. बँकेनं लिहिलेला आकडा तुमच्या बोकांडी बसतो.

हे दुखणं जुनं आहे. १८७५ साली सुप्याच्या शेतकऱ्यांनी सावकारांची खतं जाळली. सरकारनं आयोग नेमला. त्यालाही हेच दिसलं, ढीगभर हुकूमनामे एकतर्फी. मग १८७९ साली कायदा झाला, पुणे, सातारा, सोलापूर, नगर या चार जिल्ह्यांसाठी. वाळवा, तासगाव तेव्हा साताऱ्यातच होते. न्यायाधीशाला हुकूम असा, नुसतं खत बघू नको, मागचा व्यवहार उकरून काढ. तो कायदा गेला. पण हिशेब मागायचा हक्क कुणी काढून घेतलेला नाही.

घेतलेलं फेडायचं, त्यात वाद नाही. न घेतलेलं का फेडायचं?

म्हणून समन्स घ्या आणि त्याच दिवसापासून दिवस मोजा. साध्या दाव्यात ३० दिवसांत लेखी कैफियत द्यायची, कोर्टानं कारण मानलं तर ९० पर्यंत. समरी दावा असेल तर १० दिवसांत हजेरी. पतसंस्थेचं कर्ज असेल तर बहुतेक वेळा कोर्ट नसतंच. सहकार कायद्याच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला निघतो. त्या नोटिशीलाही उत्तर द्या.

कैफियतीत रडगाणं नको. किती उचलले, किती भरले, पावत्या कुठं, ते लिहा. खात्याचा प्रमाणित उतारा मागा. मुद्दल, व्याज, दंड, नोटिशीचा खर्च वेगवेगळा काढायला लावा आणि विचारा, हा आकार करारात कुठं आहे? व्याज जबर आहे एवढ्यावर भागत नाही. १९८४ पासून कायद्यानं बँकांच्या बाबतीत ती वाट बहुतेक बंद केलीय. पण दंडाचं तसं नाही. रिझर्व्ह बँकेचं १८ ऑगस्ट २०२३ चं परिपत्रक सांगतं, दंड व्याजदरात मिसळायचा नाही आणि दंडावर व्याज चढवायचं नाही. एप्रिल २०२४ पासून ते नव्या कर्जांना लागू झालं, सहकारी बँकांनासुद्धा.

तारण नसलेल्या कर्जाच्या दाव्याला साधारण ३ वर्षांची मुदत असते. मुदतीच्या आत बाकी कबूल असल्याची सही दिली की ती नव्यानं सुरू होते. तेव्हा वसुलीवाल्यानं पुढं केलेला कागद वाचल्याबिगर अंगठा नाही, सही नाही. जामीनदारांनो, तुम्हीही कर्जदाराइतकेच बांधलेले आहात.

तुरुंगाची भीती घालतात. १९८० साली बँक ऑफ कोचीनच्या खटल्यात सुप्रीम कोर्टानं सांगितलं, ऐपतच नाही म्हणून फेडता आलं नाही, तर तेवढ्यावर हुकूमनाम्यापोटी माणसाला तुरुंगात टाकता येणार नाही. पैसा असून लबाडीनं दडवणारा वेगळा. कारागिराची हत्यारंही हुकूमनाम्यात जप्त होत नाहीत. चांभाराची आरी, रापी त्याचीच राहते.

"वकील कुठनं आणू?" १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याचं कलम १२ वाचा. अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही जातीच्या बाईला उत्पन्न न बघता सरकारी खर्चानं वकील मिळतो. सांगलीत आणि साताऱ्यात जिल्हा न्यायालयात प्राधिकरणाचं ऑफिस आहे. जातीचा दाखला घेऊन जा, ताठ मानेनं. तिथं कुणी उपकार करत नाही.

तुम्ही शिकलात. आज रात्री गावाकडं फोन लावा. उतरंडीमागं, फोटोमागं, पत्र्याच्या पेटीत कुठला कागद दाबून ठेवलाय का विचारा. असला तर अक्षर न् अक्षर वाचून घ्या. आणि पुढच्या तारखेला रजा काढून कोर्टात म्हाताऱ्याच्या शेजारी उभे रहा.