परवानगी द्यावी, पण समजून
(संस्थेच्या पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा सारांश)



मुलांवरील औषधांच्या चाचण्या हा आजचा विषय ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडल्या असतील. 'आमची लेकरे काय उंदीर आहेत?' असे मनात येणे स्वाभाविक आहे. म्हणून आधी चाचणी का लागते ते सांगतो.

मूल म्हणजे लहान आकाराचा मोठा माणूस नव्हे. क्लोरॅम्फेनिकॉल हे औषध मोठ्यांना मानवत असे. १९५० नंतरच्या दशकात ते नवजात अर्भकांना दिले गेले. त्यांच्या कोवळ्या यकृताला ते पेलले नाही. बाळे राखाडी पडून दगावू लागली. पद्धतशीर अभ्यास झाल्यावरच कारण कळले. चाचणी टाळली म्हणजे धोका टळतो असे नाही. तो फक्त नोंदीविना राहतो.

आता आपल्या जिल्ह्यातलेच उदाहरण पाहू. गर्भाशयमुखाचा कर्करोग एचपीव्ही नावाच्या विषाणूमुळे होतो. त्यावरील लशीचे तीन डोस देत असत. दोन पुरतील काय, हे पाहण्यासाठी २००९ साली देशातील नऊ केंद्रांवर १० ते १८ वर्षांच्या मुलींमध्ये अभ्यास सुरू झाला. त्यांतले एक केंद्र बार्शीचे नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय होते.

त्याच सुमारास आंध्रातील खम्मम आणि गुजरातेतील वडोदरा जिल्ह्यांत याच लशीचा एक वेगळा प्रकल्प चालू होता. तेथे काही मुलींच्या मृत्यूंवरून गदारोळ झाला. मृत्यूंचा लशीशी संबंध चौकशीत आढळला नाही. पण दुसरीच गोष्ट उघडी पडली. अनेक संमतिपत्रांवर आईबापांऐवजी वसतिगृहाच्या वॉर्डनच्या सह्या होत्या! एप्रिल २०१० मध्ये सरकारने लस देणे थांबवले आणि बार्शीसह सर्व केंद्रांचे कामही अडले. तोवर सुमारे १७,७०० मुलींना लस मिळाली होती. त्यांपैकी जवळजवळ ५,००० जणींना एकच डोस मिळाला होता.

संशोधकांनी या मुलींची साथ सोडली नाही. वर्षानुवर्षे त्यांची तपासणी चालू ठेवली. एका डोसाचे संरक्षणही दोन-तीन डोसांच्या तोडीचे आहे, असा निष्कर्ष २०२१ साली प्रसिद्ध झाला. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसाचा पर्याय मान्य केला. गरीब देशांचा केवढा खर्च वाचला! त्यात आपल्या भागातील मुलींचाही वाटा आहे.

यातून दोन धडे मिळतात. खेड्यातील मुले अशा अभ्यासात हवीत, नाहीतर शहरातल्या मुलांवरून काढलेले निष्कर्ष त्यांना लावले जातील. आणि सही आईबापांचीच हवी. मुख्याध्यापक किंवा वॉर्डन कितीही भले असले तरी ती सही त्यांची नव्हे. आपल्यासारख्या शिक्षणसंस्थांनी हे भिंतीवर लिहून ठेवावे.

तेव्हा कोणी कागद पुढे केला तर विचारा : हा अभ्यास कशासाठी? त्रास झाला तर उपचार आणि भरपाई कोण देणार? नैतिकता समितीची मान्यता आहे काय? मधेच बाहेर पडता येईल ना? कागद तुम्हाला समजणाऱ्या भाषेतच हवा. आपल्या सोलापुरात मराठी, उर्दू, कन्नड, तेलुगू बोलणारी घरे आहेत. कागदाची प्रत मागून घ्या. मुलालाही विचारा. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांप्रमाणे ७ ते १२ वर्षांच्या मुलाचा तोंडी आणि त्यापुढे १८ पर्यंत लेखी होकार घ्यावा लागतो.

संशोधकांनाही एक सांगणे आहे. विड्या वळणारी किंवा शेतात राबणारी आई मुलाला घेऊन दवाखान्यात आली की तिचा रोज बुडतो. तो भरून द्या, नाहीतर तपासणी गावात न्या. एवढे केल्याशिवाय 'खेड्यातले लोक सहकार्य करीत नाहीत' असे म्हणू नका.

विद्यार्थी मित्रांनो, घरात तो कागद आला की आईला अक्षर न् अक्षर वाचून दाखवा. तुमच्या शिक्षणाचा याहून जवळचा उपयोग मला दिसत नाही. समजल्यावर ती 'हो' म्हणेल किंवा 'नाही' म्हणेल. दोन्ही तिचे हक्क आहेत.