टेबलावरचा कच्चा खेळाडू
(युवा शिबिरातील भाषणाचा मजकूर)



जुगार हराम आहे हे तुम्हाला घरी आणि जुम्म्याच्या खुतब्यात सांगून झालंय. ते मी पुन्हा सांगणार नाही. मी इंजिनिअर आहे, म्हणून हिशेब मांडतो. आणि माझी स्वतःची एक गोष्ट सांगतो, कारण कॉलेजात असताना मी पोकर खेळायचो आणि बहुतेक वेळा जिंकायचो.

‘हा जुगार नाही, हे कौशल्य आहे,’ असं मी तेव्हा सगळ्यांना ऐकवायचो. ते अगदीच खोटं नव्हतं. 1968 साली सर्वोच्च न्यायालयाने रमी हा मुख्यतः कौशल्याचा खेळ मानला, आणि पोकरवाले आजही तोच दाखला देतात. पण कौशल्य नेमकं कशाचं, हे कुणी विचारत नाही.

पोकरमध्ये हातात दोन एक्के येणं ही सर्वांत चांगली सुरुवात. समोर कोणतीही पानं घेऊन बसलेला एकच माणूस असेल, तर शेवटपर्यंत गेल्यावर एक्के 100 पैकी साधारण 85 वेळा जिंकतात. तसेच पाच जण समोर असतील, तर जेमतेम 49 वेळा. म्हणजे कच्चे खेळाडू वाढले की धोका वाढला? त्या एका डावापुरता, हो. पण प्रत्येकाने 100 रुपये टाकले असतील तर एकाविरुद्ध माझा सरासरी नफा 70 रुपये, आणि पाच जणांविरुद्ध सुमारे 195. निम्म्या वेळा हरूनही माझी कमाई जवळपास तिप्पट.

आता लांबचा हिशेब. समजा, मी 100 डावांमागे सरासरी 50 रुपये जिंकतो, आणि नशिबाचा चढउतार 900 रुपयांचा आहे. 10 हजार डावांनंतरही मी तोट्यात असण्याची शक्यता सुमारे 29 टक्के. समोर कच्चे लोक आले आणि सरासरी 200 रुपयांवर गेली, तर तीच शक्यता दीड टक्क्याच्याही खाली येते. कच्चा खेळाडू माझा नफा वाढवतो आणि बुडण्याचा धोकाही जवळजवळ संपवतो. म्हणून पोकरमधलं मोठं कौशल्य पत्त्यांचं नाहीच. कोणत्या टेबलावर बसायचं, हे ओळखण्याचं आहे.

हाच हिशेब उलट्या बाजूने पाहा. 100 डावांमागे 200 रुपये हरणारा माणूस एका रात्री 100 डाव खेळला, तर 100 पैकी सुमारे 41 रात्री तो जिंकून उठतो! बुद्धिबळात कच्चा खेळाडू सारखा हरतो आणि दोन दिवसांत पैसे लावणं सोडतो. इथे त्याला वाटतं, आपल्याला जमतंय. जे नशीब माझी एखादी रात्र खराब करतं, तेच त्याला पुन्हा टेबलाशी आणतं. त्यात टेबल चालवणारा प्रत्येक डावातून आपला कट काढतो. सगळे सारखेच तयार असतील तर सगळेच हरतात. कच्चा माणूस आल्याशिवाय हा धंदा चालतच नाही. जाहिराती आणि पहिल्या दिवसाचे बोनस कुणासाठी असतात, हे आता कळलं असेल.

आमच्या हॉस्टेलवर शनिवारी डाव बसायचा. एक ज्युनिअर यायचा. पानं कशीही असोत, पैसे टाकायचाच. एका शनिवारी तो आला नाही. आम्ही चौघे तयार खेळाडू बसलो. अर्ध्या तासात मी म्हणालो, ‘चला, उद्या सबमिशन आहे.’ सबमिशन वगैरे काही नव्हतं. तो नाही म्हणजे मिळकत नाही, एवढंच.

पुढे कळलं, तो मेसचे पैसे लावायचा आणि रात्री कुणाच्या तरी डब्यात जेवायचा. तरी मला म्हणायचा, ‘भाई, मलाही शिकवा ना.’ नोकरी लागल्यावर मी हिशेब करून त्याचे पैसे परत केले. त्याने घेतले. पण नंतर आमचं बोलणं पूर्वीसारखं राहिलं नाही.

सूरह बकराची 219वी आयत जुगारात लोकांसाठी काही लाभ असतो हे नाकारत नाही. हानी लाभापेक्षा मोठी आहे, असं सांगते. आणि सूरह माइदाची 91वी आयत जुगाराचा संबंध वैराशी आणि द्वेषाशी जोडते. त्या मित्रामुळे मला या दोन्ही आयतींचा अर्थ समजला. लाभ माझा होता, हानी त्याची होती, आणि दुरावा दोघांचा. मी चांगला खेळत होतो, याने त्यात काहीच फरक पडत नव्हता. उलट मी जितका तरबेज, तितकी त्याची हार पक्की.

ऑगस्ट 2025मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली, मग खेळ कौशल्याचा असो की नशिबाचा. कायदा आपल्या जागी. पण खोलीतला डाव आणि मित्राने पाठवलेली लिंक यांवर आपलीच नजर हवी.

म्हणून कुणी ‘ये, बस, सोपं आहे’ म्हणालं, तर स्वतःला एकच प्रश्न विचारा: या टेबलावर कच्चा कोण? उत्तर ‘मी’ असेल तर पैसे जातील. उत्तर ‘तो’ असेल, तर त्याच्या घरी चूल कशावर पेटते, हे आधी विचारून या. दोन्ही उत्तरांत उठणंच शहाणपणाचं.