बंबापासून सौर टाकीपर्यंत

थंडी पडली की आपल्या बोदवडमध्ये पहाटे घराघरांत एकच प्रश्न ऐकू येतो, ‘पाणी तापलं का?’ हा प्रश्न बहुतेक घरांत बाईलाच विचारला जातो. म्हणून आज आम्ही आंघोळीच्या पाण्याबद्दल बोलणार आहोत. काल ते कसं तापायचं, आज कसं तापतं आणि उद्या कसं तापावं?

थंड देशांत घरं ऊबदार ठेवायला बॉयलर असतो. त्यातलं गरम पाणी नळ्यांमधून खोल्याखोल्यांत फिरतं. आपल्या खानदेशात उन्हाळ्यात पारा ४५ अंशांच्या घरात जातो, त्यामुळे असला बॉयलर आपल्याला लागत नाही. आपला बॉयलर म्हणजे तांब्याचा बंब. मधल्या नळीत विस्तव, भोवती पाणी, खाली राख पडायला जाळी आणि बाजूला तोटी. रचना साधी, पण हुशारीची. विस्तव पाण्याच्या मधोमध असल्यामुळे उघड्या चुलीपेक्षा उष्णता कमी वाया जायची. तुराट्या, गोवऱ्या, कपाशीच्या पऱ्हाट्या, दाणे काढलेली मक्याची कणसं, बंबाला काहीही चालायचं. दिवाळीआधी तो चिंचेने घासून लख्ख करायचा आणि नरकचतुर्दशीला सगळ्यांच्या आधी उठून पेटवायचा, हे काम घरच्या बाईचंच.

त्या दिवसांचे गोडवे गाताना पऱ्हाट्यांचा भारा डोक्यावर कोण आणत होतं, हे विसरून चालणार नाही. फुंकणीने फुंकताना धूर कोणाच्या छातीत जात होता, हेही विसरू नये. पण बंब असायचा अंगणात किंवा मागच्या दारी. धूर मोकळ्या हवेत जायचा आणि डोळ्यांना झोंबून आपण आहोत हे सांगायचा.

पुढे वीज आली आणि बादलीत सोडायचा हीटर आला. २० लिटरची बादली कोमट-गरम करायला साधारण अर्धा युनिट किंवा थोडी जास्त वीज लागते. पाच माणसांच्या पाच बादल्या म्हणजे रोजचे जवळपास तीन युनिट. ही वीज येते कुठून? भुसावळजवळ दीपनगरला कोळसा जाळून पाण्याची वाफ करतात आणि त्या वाफेवर वीज तयार होते. कोळशातली साधारण एक तृतीयांश उष्णताच विजेत उतरते. त्या विजेवर आपण पुन्हा पाणीच तापवतो!

हीटर वापरताना आधी तो पाण्यात सोडावा, मग बटण दाबावं. पाण्यात हात घालण्याआधी बटण बंद करून पिन काढावी. लोखंडी बादली वापरू नये. घराला अर्थिंग आहे का, हे वायरमनकडून तपासून घ्यावं.

आता गॅस गिझरकडे वळू. १८६८ मध्ये लंडनच्या बेंजामिन मॉघन यांनी गॅसवर पाणी तापवणारं यंत्र बनवलं आणि त्याला आइसलँडमधल्या उकळत्या झऱ्याचं नाव दिलं. आपल्या चोपडा तालुक्यातल्या उनपदेवसारखाच तोही गरम पाण्याचा झरा. पण मॉघन यांच्या यंत्रात जळलेला वायू बाहेर जायला वाटच नव्हती. दीडशे वर्षं उलटली, तरी कित्येक न्हाणीघरांत आज तीच चूक होते.

गॅस बंद जागेत जळला की हवेतला ऑक्सिजन संपत जातो आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला रंग नाही, वास नाही. धुरासारखा तो झोंबत नाही. रक्ताला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक ताकदीने चिकटतो. आधी डोकं दुखतं, गरगरतं, मळमळतं, पायातलं बळ जातं. कडी उघडायची म्हटलं तरी हात उचलत नाही. हिवाळ्यात अशा मृत्यूंच्या बातम्या आपण वाचतो आणि ‘चक्कर आली असेल’ म्हणून सोडून देतो.

म्हणून गॅस गिझर न्हाणीच्या बाहेर, मोकळ्या हवेत बसवावा. आत फक्त पाण्याची नळी यावी. आतून आवाज येईनासा झाला तर वाट पाहू नका. गॅस बंद करा, दार उघडा, माणसाला मोकळ्या हवेत आणा आणि १०८ ला फोन लावा.

हाच वायू बाळंतिणीच्या खोलीतल्या शेगडीतूनही निघतो. बाजेखाली निखारे आणि वारा लागू नये म्हणून दारं-खिडक्या बंद. यात आई आणि बाळ दोघांच्याही जिवाला धोका आहे. बाळाला ऊब द्यायची तर आईच्या छातीशी धरा, टोपी-मोजे घाला, दुपटं गुंडाळा. सासूबाईंना हे समजावून सांगा. त्यांचीही माया खरीच असते.

आणि उद्या? मैत्रिणींनो, जे ऊन आपल्याला भाजून काढतं तेच कामाला लावता येतं. गच्चीवरची १०० लिटरची सौर टाकी चार-पाच जणांच्या आंघोळीला पुरते. तिथे ना सरपण, ना धूर, ना वायू. मात्र आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, तेव्हा टाकी रिकामी पडू देऊ नये. काचेच्या नळ्या उन्हात कोरड्या तापल्या असतील तर भर दुपारी गार पाणी सोडू नका, त्या तडकतात. पहाटे किंवा दिवस मावळल्यावर भरा. पाणी जड असेल तर आत पांढरा थर बसतो, तो वेळोवेळी साफ करून घ्यावा. ढगाळ दिवसांसाठी दुसरी सोय हाताशी असू द्या.

सौर टाकी एकदम परवडत नसेल तर बचत गटात हा विषय काढा. घरात टीव्ही घ्यायचा की टाकी, या चर्चेत आपलाही आवाज असला पाहिजे. तोवर एक काम आजच करा. गिझर कुठे बसवलाय ते बघा आणि न्हाणीची बुजवलेली झरोकी मोकळी करा. काळजी घ्या.