ट्रायल्सची सायकल बार्शीत कशी उभी करायची?

(या भागाचं लिखित रूप. बोलण्यातले "म्हणजे" आणि "बरं का" थोडे कमी केलेत, बाकी जसंच्या तसं.)

कानात इअरफोन असेल तर आवाज जरा कमी ठेवा आणि गाडी चालवत असाल तर हा भाग नंतर ऐका. आजचा विषय सायकल. पण पुण्याला जायची, लांब पल्ल्याची, घट्ट कपडे घालून पळवायची सायकल नाही. आज बोलायचंय जागच्या जागी उड्या मारणाऱ्या सायकलबद्दल. ट्रायल्स.

गेल्या काही महिन्यांत ज्यांनी मेसेज केले त्यातल्या बऱ्याच जणांचा प्रश्न एकच आहे: "दादा, ती बिनसीटची, भिंतीवर चढणारी सायकल कुठं मिळते आणि केवढ्याला?" विचारणारे बहुतेक बारा ते सतरा वयाचे. माझा मावसभाऊसुद्धा त्यातलाच, वय चौदा. त्यामुळे हा प्रश्न माझ्याही घरचा आहे. मावशी शिवणकाम करते. भावाला हवी होती पंधरा हजारांची डबल सस्पेन्शनवाली सायकल, हप्त्यावर. मावशीनं मला फोन केला, "तू इंजिनिअर आहेस, सांग बाबा, घेऊ का नको?" सॉफ्टवेअरवाल्याला सायकलचं विचारायचं म्हणजे आपल्याकडची रीतच आहे. पण प्रश्न खरा होता, म्हणून नीट शोधलं.

आधी ट्रायल्स म्हणजे काय ते बघू. समोर दगड, ओंडके, कठडे असे अडथळे. त्यावरून सायकल न्यायची, पण पाय जमिनीला लावायचा नाही. वेगाला किंमत नाही, तोलाला आहे. हा खेळ मोटरसायकलवरून आला. सत्तरच्या दशकात स्पेनच्या कातालोनिया भागात पेरे पी नावाचा मोटरसायकल ट्रायल्सवाला होता, माँतेसा कंपनीशी जोडलेला. त्याचा मुलगा ओत पी लहान. मोटरसायकलवरचे धडे पोराला सायकलवर गिरवता यावेत म्हणून तशी सायकल बनली आणि पुढं माँतेसानं 'माँतेसिता' नावानं ती विकायलाही काढली. तोच ओत पी मोठा होऊन जागतिक विजेता झाला. म्हणजे या खेळाची सायकल मुळात लहान पोरासाठीच जन्माला आली, हे लक्षात ठेवा.

दुसरं नाव तुम्हाला माहीत असेल, डॅनी मॅकास्किल. स्कॉटलंडच्या स्काय बेटावरचा. एप्रिल २००९ मध्ये त्याचा एडिनबरातला साडेपाच मिनिटांचा व्हिडिओ आला आणि जगभर फिरला. रेलिंगच्या टोकांवरून सायकल नेणारा तो हाच. तेव्हा तो सायकलच्या दुकानात मेकॅनिक होता. आपल्या गल्लीतल्या सायकल दुकानाकडं जरा आदरानं बघा, एवढंच म्हणतो.

आता मुद्द्यावर. बाहेरच्या देशांत नवशिक्यांसाठी 'कंप्लीट' सायकल मिळते. फ्रेम, चाकं, ब्रेक, सगळं एकमेकांना जुळवलेलं. पेटीतून काढा आणि चालवा. तिथं ती स्वस्तातली मानली जाते. पण आपण हिशोब करू. धरा ५०० पौंडांची सायकल. पौंडाला ११० रुपये धरले तर ५५ हजार. त्यावर विमानाचं भाडं, कस्टम ड्युटी, जीएसटी. चौदा वर्षांच्या पोराला, जो अजून जागेवर दहा सेकंद उभा राहू शकत नाही, त्याला एवढ्याची सायकल? मावशीला हा आकडा मी सांगितलासुद्धा नाही.

मग इथं कुणी म्हणेल, सोड नाद. मी तसं म्हणत नाही, आणि त्याला कारण बार्शीचंच आहे.

आपली बार्शी लाइट रेल्वे आठवा. एव्हरार्ड कॅलथ्रॉपनं १८९७ मध्ये बार्शी रोड, म्हणजे आजचं कुर्डुवाडी, तिथून बार्शीपर्यंत गाडी आणली. रूळ फक्त अडीच फुटांच्या अंतराचे, म्हणजे ७६२ मिलिमीटर. का? मोठी लाइन परवडत नव्हती. पण त्यानं मोठ्या रेल्वेची स्वस्त नक्कल केली नाही. त्यानं आधी ठरवलं की एका आसावर ५ टनांपेक्षा जास्त भार येऊ द्यायचा नाही. मग इंजिन, डबे, रूळ, सगळं त्या एका आकड्याला जुळवलं. कंप्लीट म्हणजे हेच. महाग सुटे भाग एकत्र बांधले म्हणजे कंप्लीट होत नाही. एक अट धरायची आणि सगळे भाग त्या अटीला जुळवायचे.

मग ट्रायल्सच्या सायकलची अट काय? माझ्या मते तीन गोष्टी. पाय दाबला की चाक लगेच हललं पाहिजे. ब्रेक धरला की चाक जाम झालं पाहिजे. आणि आदळलं तर फ्रेम तुटली नाही पाहिजे. बाकी सगळं शोभेचं.

पहिली गोष्ट, पाय आणि चाक. साध्या सायकलीत पुढचं चक्र ४४ दातांचं आणि मागचं १८ चं असं साधारण असतं. २६ इंची चाकावर पायडलचा एक फेरा म्हणजे पाच मीटर. रस्त्यावर छान, पण जागेवरून उसळी मारायला एकदम जड. ट्रायल्सच्या २६ इंची सायकलीत पुढं २२ आणि मागं १८ दात अशी जोडी असू शकते, म्हणजे एका फेऱ्यात अडीच मीटरच. आपल्याकडं काय करायचं? जुन्या गिअरवाल्या सायकलचा तीन चक्रांचा क्रँक सेट शोधा. त्यातलं सगळ्यात आतलं चक्र अनेकदा २४ दातांचं असतं. ते पुढं, मागं साधं १८ चं फ्रीव्हील. फेऱ्याला पावणेतीन मीटर. झालं काम. क्रँकवरचं मोठं चक्र काढून टाका आणि मधल्या चक्राचे दात ग्राइंडरनं घासून घ्या. ओंडक्यावर सायकल टेकली की चेनऐवजी तेच चक्र मार खाईल.

इथं एक गोष्ट सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत सांगतो: लेटन्सी. सायकल उलटी करा, मागचं फ्रीव्हील एक पूर्ण फेरा मागं फिरवा आणि टकटक मोजा. स्वस्त फ्रीव्हीलला साधारण १६ ते २० भरतील. १६ असतील तर २४-१८ च्या जोडीत पायडल जास्तीत जास्त १७ अंश फुकट फिरतं. १७० मिलिमीटरच्या क्रँकवर हे म्हणजे पाच सेंटीमीटर. पाय पाच सेंटीमीटर हलला तरी चाकाला पत्ताच नाही! खऱ्या ट्रायल्स सायकलीत फ्रीव्हील पुढं क्रँकवर असतं आणि त्याला ७२ किंवा १०८ टक्के असतात. ७२ धरले तर दीडच सेंटीमीटर. हा फरक मोठा आहे, आणि तो आपण बार्शीत भरून काढू शकत नाही, हे आधीच कबूल. पण तोल धरायला, छोटी उडी मारायला एवढी लेटन्सी चालते. पाय आधी हलका दाबून ठेवायचा, मग जोर द्यायचा. सवयीनं जमतं.

दुसरी गोष्ट, ब्रेक. इथं पैसे वाचवू नका. रॉड ब्रेक किंवा साधे कॅलिपर नकोत. फ्रेमला व्ही-ब्रेकचे खुंट आहेत का, हे घ्यायच्या आधी बघा. रिम अल्युमिनियमची पाहिजे. चकचकीत क्रोमची लोखंडी रिम ओली झाली की ब्रेक पकडतच नाही. नवी केबल, नवे गुटके, आणि रिंगची आऊट काढून घ्या. व्हिडिओत मोठे खेळाडू रिमला ग्राइंडर मारून खरखरीत करतात ते बघून आपल्या पातळ रिमला ग्राइंडर लावू नका.

तिसरी, फ्रेम. डबल सस्पेन्शन अजिबात नको. तुम्ही जमिनीवर जोर देणार आणि स्प्रिंग तो गिळून टाकणार. शिवाय जड. ट्रायल्सची सायकल साधारण आठ ते दहा किलोची असते, तर स्वस्त डबल सस्पेन्शनवाली जवळपास दुप्पट भरते. साधी, बिनगिअरची, डायमंड आकाराची एमटीबी फ्रेम घ्या. मागच्या एक्सलच्या खाचा आडव्या पाहिजेत म्हणजे चेनचा ताण धरता येईल. पुढं स्प्रिंगवाला फोर्क असेल तर काढून साधा फोर्क टाका. क्रँक कॉटरलेस हवा. कॉटर पिन उड्यांनी ढिल्ली होते.

आता खर्च. हे माझ्या मावसभावाच्या सायकलचे आकडे आहेत. तुमच्याकडं थोडं वर-खाली होईल. जुनी २६ इंची एमटीबी २,५००. व्ही-ब्रेकचा सेट केबलसकट ४५०. मागचा जाड टायर ५५०. साधा फोर्क ६००. रुंद पायडल ३५०. फ्रीव्हील १२०, चेन २००. जुना क्रँक सेट मेकॅनिककाकांनी भंगारातून असाच दिला, मजुरी ५००. झाले ५,२७०. हेल्मेट ९०० आणि फुटबॉलचे शिनगार्ड ३००. एकूण ६,४७०. हप्ता नाही, व्याज नाही. आणि २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय, तेव्हा दुकानात नवी सायकल घेणारे असाल तर बिलावर तो बघून घ्या.

शिनगार्डचं मुद्दाम सांगतो. पायडल निसटलं की त्याचे दात थेट नडगीवर बसतात. ते एकदा झालं की पोरगं सायकल कायमची सोडतं. तीनशे रुपयांत खेळ वाचतो.

सीट काढू नका. आडवा पाइप उघडा राहिला तर पडताना घुसेल. सीट पार खाली बसवा, बास. आणि टायरमध्ये हवा नेहमीपेक्षा कमी, पण एवढी नाही की ट्यूब रिमवर चेपेल. आपल्याकडं बाभळीचे काटे आहेतच, त्यामुळं पंक्चरचं किट खिशात.

दहा वर्षांखालच्या पोरांसाठी तर एवढंही नको. घरातली २० इंची सायकल घ्या, स्टँड, कॅरिअर, मडगार्ड काढा, सीट खाली करा, ब्रेक नीट करा. पहिले सहा महिने तेवढ्यावरच जातात. २० इंची हा ट्रायल्सचा खरा वर्ग आहे, जागतिक स्पर्धेतही २० आणि २६ असे दोन वर्ग असतात. त्यामुळं "ही लहान पोरांची सायकल" म्हणून लाजायचं कारण नाही.

शिकायचं काय? पहिला महिना फक्त एकच: उभं राहणं. दोन्ही पायडल आडवी, पुढचं चाक थोडं वळवलेलं, हलका चढ, आणि पाय न टेकता थांबणं. दहा सेकंद, मग तीस, मग मिनिट. दुसऱ्या महिन्यात ब्रेक धरून चाकांवर छोट्या टुणटुण उड्या. तिसऱ्या महिन्यात वीट, मग मार्केट यार्डात टाकून दिलेली लाकडी पॅलेट, मग ट्रॅक्टरचा जुना टायर. गुडघ्याच्या वर काही नाही. कारण ही सायकल मूळ त्या कामाची नाही. दर रविवारी सायकल धुवा आणि हँडलखालचा जोड, जिथं फ्रेमचे दोन पाइप मिळतात, तो बोटानं तपासा. रंगाला केसाएवढी चीर दिसली तरी उड्या बंद. वेल्डिंग करून परत उड्या मारायच्या नाहीत. ती फ्रेम दूध आणायला ठेवा.

आणि जागा. मोकळं मैदान, आपलं अंगण. भगवंताच्या देवळाच्या पायऱ्या नकोत, परांड्याच्या किल्ल्याचे बुरुज नकोत आणि रस्ता तर नकोच नको. मला खरी काळजी याचीच आहे. संध्याकाळी ट्रॅफिकमध्ये रीलसाठी पुढचं चाक उचलून जाणारी पोरं मी रोज बघतो. त्यांना खेळ हवाय, जागा आणि शिकवणारं कुणी नाही, म्हणून ते रस्त्यावर येतात. पोराला "बंद कर" म्हणण्यापेक्षा चार पॅलेट आणून द्या. ट्रायल्समध्ये वेगच नसतो. ताशी पाच किलोमीटरवर पोरगं दमून घरी येतं. आई-वडील ऐकत असतील तर हा मुद्दा त्यांच्यासाठी.

काही जण विचारतील, मग खरी ट्रायल्स सायकल कधीच घ्यायची नाही का? घ्यायची ना. एक वर्ष ही जुगाडाची सायकल टिकली, पोरगं आठवड्यातून चार दिवस मैदानावर दिसलं आणि त्याला फ्रीव्हीलची लेटन्सी खरंच नडायला लागली, तर समजायचं की आता पैसे लावायची वेळ आली. तेव्हासुद्धा पूर्ण सायकलच्या आधी चांगला मागचा ब्रेक. मग बाकीचं. गरज पायाला जाणवू द्या, डोळ्यांना नाही.

मावसभावाची बातमी: सध्या बेचाळीस सेकंद उभा राहतो. मावशी म्हणते, अभ्यासाला एवढा वेळ एका जागी बसला असता तर! त्यावर माझ्याकडं उत्तर नाही.

तुमच्यासाठी गृहपाठ: घरातल्या सायकलचे टक्के मोजा, पुढचे-मागचे दात मोजा आणि मला व्हॉइस मेसेज करा. कोणत्या जोडीत किती सेंटीमीटर फुकट जातात, त्याची एक शीट बनवून सगळ्यांना पाठवतो. ज्यांच्याकडं जुना २४ दातांचा क्रँक पडून आहे त्यांनीही कळवा. तीन-चार पोरं वाट बघतायत.

चला, भेटू पुढच्या भागात. हेल्मेट घाला, काटे बघून चालवा.