किल्ल्यांची वही

सॉफ्टवेअर विकत घेतले असे आपण म्हणतो. खरे तर आपण विकत घेतो ती ते वापरण्याची परवानगी. पुस्तक मित्राला दिले की माझ्या कपाटातली जागा रिकामी होते. सॉफ्टवेअरची सीडी मात्र दहा संगणकांवर चढवली तरी माझ्यापाशी जशीच्या तशी राहते. म्हणून तिला कुलूप आले आणि कुलपाला किल्ली आली. ही किल्ली म्हणजे परवान्याचा संकेतांक.

२००१ साली आलेल्या विंडोज एक्सपीने ही किल्ली घरोघरी पोहोचवली. पाच-पाचांचे पाच गट, मिळून २५ अक्षरे आणि आकडे. संकेतांक दिला की यंत्राच्या भागांची ओळख नोंदली जाते आणि कंपनीकडून मान्यता येते. यालाच अ‍ॅक्टिव्हेशन म्हणतात. पुढे मदरबोर्ड बदलला, की ते पुन्हा करावे लागू शकते.

घरातल्या एका संगणकाचे निभावते. शाळा, वाचनालय, छापखाना अशा ठिकाणी सात-आठ यंत्रे झाली की घोळ सुरू होतो, कारण सगळ्या किल्ल्या एका जातीच्या नसतात. यंत्राबरोबर आलेला विंडोजचा परवाना सहसा त्या यंत्राबरोबरच संपतो. सुटा घेतलेला परवाना जुन्या यंत्रावरून काढून नव्यावर नेता येतो. संस्थेसाठी घेतलेल्या परवान्यात एकच संकेतांक ठरलेल्या संख्येइतक्या यंत्रांवर चालतो. मराठी अक्षरजुळणीच्या काही सॉफ्टवेअरना तर संगणकाच्या मागे खोचायचे 'लॉक' असे. ते हरवले की काम ठप्प.

माझ्या एका कवितासंग्रहाच्या दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी हेच घडले. फाइल शाबूत होत्या, पण छापखान्यातले जुने यंत्र भंगारात गेले होते आणि त्याच्यामागचे लॉकही त्याच्याबरोबर गेले. पडद्यावर कवितांच्या जागी रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा नुसता पालापाचोळा. सगळा संग्रह पुन्हा टंकलिखित करावा लागला.

यावर उपाय साधा आहे. एक वही घाला. संगणकांना क्रमांक द्या. प्रत्येकापुढे सॉफ्टवेअरचे नाव आणि आवृत्ती, संकेतांक, परवान्याचा प्रकार, किती यंत्रांसाठी, बसवल्याची तारीख आणि बिलाचा क्रमांक लिहा. बिले एकाच फाइलला लावा. वहीची एक नक्कल दुसऱ्या कपाटात ठेवा, आणि मूळ वही टेबलावर उघडी टाकू नका. यंत्र मोडीत काढण्याआधी, सोय असेल तिथे, त्यावरची मान्यता रद्द करा, म्हणजे ती जागा नव्या यंत्राला मिळते. हल्ली अनेक परवाने संकेतांकाऐवजी ई-मेल खात्याला जोडलेले असतात. ते खाते संस्थेच्या नावाचे हवे. एखाद्या शिक्षकाच्या खाजगी पत्त्यावर काढले, तर त्यांची बदली होताच किल्लीही त्यांच्याबरोबर परगावी जाते. आणि मराठी मजकुराची एक प्रत युनिकोडमध्ये जरूर ठेवा. ती उघडायला कोणाचे लॉक लागत नाही.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? बाजारात फुकटचे संकेतांक मिळतात की! त्यांना मी एवढेच सांगतो : आपल्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्याने संगणकाच्या प्रोग्रॅमला 'साहित्यकृती'च्या व्याख्येत बसवले आहे. माझी कविता आणि एखाद्या प्रोग्रॅमरची आज्ञावली कायद्याच्या एकाच पंगतीत बसतात. त्याच कायद्याचे कलम ६३-ब सांगते, की प्रोग्रॅमची चोरीची प्रत जाणूनबुजून वापरणाऱ्याला ७ दिवसांपासून ३ वर्षांपर्यंत कैद आणि ५० हजारांपासून २ लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. वापर व्यापारी लाभासाठी नसेल, तर न्यायालय कैद टाळू शकते.

माझ्या पुस्तकाच्या झेरॉक्स प्रती कोणी विकल्या, तर मी तक्रार करीन. मग दुसऱ्याच्या लेखणीची चोरलेली किल्ली मी कोणत्या तोंडाने फिरवू? परवडत नसेल, तर लिबरऑफिससारखी मोकळी सॉफ्टवेअर आहेत. ती हव्या तितक्या संगणकांवर राजरोस चढवा. वहीत त्यांच्यापुढे संकेतांकाचा रकाना कोरा राहील, आणि तो कोरा रकानाही तितकाच प्रामाणिक असेल.