घड्याळाला काय कळते?
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



दरवर्षी वर्धापनदिनाला आपल्याकडे कोणी डॉक्टरीणबाई नाहीतर शाळेतल्या बाई बोलावयास येतात. या वर्षी चिटणीसबाईंनी मलाच उभे केले. मी सातवी शिकलेली, घरसंसार करणारी बाई. भाषणाची मला सवय नाही, पण विषय माझ्या घरातला आहे म्हणून हो म्हटले.

मागच्या दोन सभांत ज्यावरून बरीच बोलाचाली झाली तोच हा विषय. आपल्या बचत गटाने कर्ली खाडीत पाहुण्यांना फिरविण्यासाठी पॅडलबोर्ड घ्यावेत, आपल्या मुलींनी ते चालवावेत आणि प्रत्येकीच्या हाताला जीपीएसचे घड्याळ असावे, असा विचार निघाला. “घड्याळ असले म्हणजे पोर कुठे आहे ते घरबसल्या कळेल, मग भीती कसली?” असे एक भगिनी म्हणाल्या आणि पुष्कळजणींनी माना डोलावल्या. माझी थोरली गेली दोन वर्षे असे घड्याळ बांधून पाण्यावर जाते. ते धुणे, पुसणे आणि रात्री चार्जिंगला लावणे माझ्याकडे असते. तेव्हा त्या घड्याळाला काय कळते आणि काय कळत नाही, याची मला थोडीफार माहिती झाली आहे. ती आपल्यापुढे ठेवते.

पॅडलबोर्ड म्हणजे माणसाहून लांब अशी रुंद फळी. तिच्यावर उभे राहावयाचे आणि लांब दांड्याच्या वल्ह्याने पाणी मारीत जावयाचे. आपले लोक होडीत उभे राहून वल्हवीत आलेच आहेत, त्यामुळे मला त्यात परके असे काही वाटले नाही. सर्फिंग निराळे. त्यात फळीवर पालथे पडून हातांनी पाणी कापीत आत जावयाचे, लाट आली की तिच्यापुढे जोर करावयाचा आणि ती उचलू लागली की उठून उभे राहावयाचे. हिवाळ्यात आपला समुद्र निजल्यासारखा असतो, म्हणून सर्फिंग शिकावयास मुले कर्नाटकात मुल्कीला, तामिळनाडूत कोवलम, महाबलीपुरमकडे किंवा गोव्यात जातात. माझी मुलगीही पंधरा दिवस मुल्कीला राहून आली. तिच्या आजीने त्या पंधरा दिवसांत किती नारळ बोलले, ते येथे सांगत नाही.

आता घड्याळाकडे येते. जीपीएस हे अमेरिकेच्या लष्कराचे काम. त्यांचा पहिला उपग्रह १९७८ साली वर गेला आणि पुरती व्यवस्था १९९५ साली उभी राहिली. हे उपग्रह जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात. प्रत्येक उपग्रह “मी अमक्या ठिकाणी आहे आणि आता इतके वाजले” एवढेच सारखे सांगत असतो. घड्याळ फक्त ऐकते. समजा, तीन गावांच्या देवळांत ठरल्या वेळी घंटेचा टोला पडतो आणि तो आपल्याला किती उशिरा ऐकू आला हे कळले, तर कोणते देऊळ किती लांब ते काढता येईल. तीन देवळांची अंतरे कळली की आपण कुठे उभ्या आहोत तेही कळेल. घड्याळ हेच करते, पण उपग्रहांचा निरोप उजेडाच्या वेगाने येतो आणि मनगटावरचे घड्याळ इतका बारीक हिशेब बरोबर ठेवू शकत नाही. ती चूक काढण्यासाठी चौथा उपग्रह लागतो. पूर्वी अमेरिका सामान्य लोकांसाठी या निरोपात मुद्दाम गोंधळ घालून ठेवीत असे, त्यामुळे शंभर-शंभर मीटरांची चूक पडे. २००० सालच्या मे महिन्यात त्यांनी तो बंद केला. नाहीतर माझ्या मुलीची खाडीतली वाट आमच्या माडांच्या बागेतून गेलेली दिसली असती! आताची घड्याळे रशिया, युरोप, चीन यांचेही उपग्रह ऐकतात आणि उघड्या आकाशाखाली काही मीटरांपर्यंत बरोबर जागा सांगतात.

मात्र उघडे आकाश पाहिजे. उपग्रहाचा निरोप खाऱ्या पाण्यातून जात नाही. मनगट चार बोटे बुडले की घड्याळ बहिरे होते. पॅडलबोर्डवर हात बहुधा पाण्याच्या वर राहतो, म्हणून त्याची वाट नकाशावर स्वच्छ उमटते. सर्फिंगमध्ये प्रत्येक हाताला मनगट बुडते, वर येते, पुन्हा बुडते, आणि रेघ मधूनमधून उड्या मारते. तरीही सर्फिंगवाल्यांना घड्याळाचे फार वेड. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या रिप कर्ल कंपनीने किती लाटा घेतल्या, सर्वांत जास्त वेग किती, लाटेवर किती लांब आलात, हे मोजणारे घड्याळ काढले. पुढे गार्मिन वगैरेंनीही काढली. लाट ओळखण्याची युक्ती साधी आहे. एकाएकी वेग वाढला आणि काही सेकंद टिकला की घड्याळ म्हणते, ही एक लाट. माणूस उभा होता की पालथा पडून फेसाबरोबर वाहत आला, हे त्याला कळत नाही. मुल्कीला पहिल्या आठवड्यात मुलीच्या घड्याळाने अकरा लाटा मोजल्या होत्या. ती खरोखर किती वेळा उभी राहिली, ते मी विचारले नाही.

या सर्वांत मला खरे महत्त्वाचे वाटते ते पुढचे आहे, म्हणून जरा लक्ष द्यावे. घड्याळ जो वेग दाखवते तो जमिनीवरचा. पाणी आपल्याला नेत आहे की अडवीत आहे, हे ते वेगळे सांगत नाही. एके दिवशी मुलगी ओहोटीत खाडीच्या मुखाकडे २ किलोमीटर गेली, तिला २० मिनिटे लागली. त्याच वाटेने परतावयास ४० मिनिटे लागली. घड्याळाने हिशेब केला: ४ किलोमीटर, एक तास, सरासरी ताशी ४. आकडा पाहून कोणालाही वाटेल की पोर छान फिरून आली. मी मात्र शाळेतली प्रवाहाची उदाहरणे आठवून पाटीवर मांडून पाहिले. जाताना ताशी ६, येताना ताशी ३. बेरजेचे निम्मे साडेचार, हा तिच्या हाताचा वेग. वजाबाकीचे निम्मे दीड, हा पाण्याचा. म्हणजे येताना तिची एकतृतीयांश मेहनत खाडीने खाल्ली. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ याहून वाढते. तीच ओढ साडेचारवर गेली, तर पोरीने जिवाच्या आकांताने वल्हवले तरी ती जागच्या जागी राहील, आणि दमली की मागे, मुखाकडे, जेथे वाळूच्या दांड्यावर लाटा फुटतात तिकडे जाईल. घड्याळ तेव्हाही इमानेइतबारे मोजीतच राहील.

त्यात सकाळचा मतलई वारा. पहाटे जमिनीकडून समुद्राकडे वाहतो, पाणी तेलासारखे असते आणि नवशिक्याला सगळ्यांत सोपे वाटते ते याच वेळी. उभा माणूस म्हणजे शीडच की! वारा आणि ओहोटी दोन्ही पाठीशी असली तर जाताना पायाखाली गालिचा, परतताना डोंगर. म्हणून आमच्या घरी आता नियम आहे. निघताना पाण्याच्या आणि वाऱ्याच्या विरुद्ध जावयाचे आणि परतताना त्यांच्याबरोबर यावयाचे. जाण्याला जितकी मिनिटे लागावीत तितकी घड्याळात लावून ठेवावयाची, ते थरथरले की जेथे असेल तेथून फिरावयाचे. या कामाला घड्याळ उत्तम आहे आणि त्यासाठी मी त्याला पुरे गुण देते.

काही घड्याळे भरती-ओहोटीही दाखवितात. आमच्या सासूबाई तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ सांगतात. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, एकादशीला सव्वाआठ. मी महिनाभर दोन्ही पडताळून पाहिले. थोडाफार फरक सोडला तर सासूबाई आणि घड्याळ एका मताचे निघाले. पण घड्याळातली वेळ जवळच्या बंदराची असते. आत आपल्या धक्क्यापर्यंत पाणी चढावयास उशीर लागतो, आणि तो किती हे आपल्या कोळणींनाच विचारावे लागते.

आता “पोर कुठे आहे ते घरबसल्या कळेल” याविषयी. मी वर म्हटले की घड्याळ फक्त ऐकते. ते उपग्रहाला काही सांगत नाही आणि आपल्यालाही आपणहून सांगत नाही. जागा घरी कळावयाची तर घड्याळाजवळ मोबाइल पाहिजे, त्याला रेंज पाहिजे, आणि त्याने ती जागा पाठविली पाहिजे. मुलीने मोबाइल भिजेल म्हणून धक्क्यावर ठेवला, तर घड्याळातली वाट ती परत आल्यावरच दिसावयाची. ज्या दिवशी वाट बघण्याची पाळी येते त्या दिवशी तिचा उपयोग शून्य. म्हणून मोबाइल पाणी न शिरणाऱ्या पिशवीत घालून अंगाला बांधलेलाच हवा. स्वतःचे सिम असलेलीही घड्याळे मिळतात, पण रेंज त्यांनाही लागते. आणि थेट उपग्रहावरून निरोप पाठविणारी यंत्रे आपल्या देशात परवान्याशिवाय बाळगता येत नाहीत. २०२४ च्या डिसेंबरात गोव्याच्या विमानतळावर एका परदेशी बाईंना याच कारणासाठी अडविले होते. कोणी मुंबई-दुबईचा पाहुणा प्रेमाने असे काही आणून देऊ लागला तर आधी चौकशी करावी.

आणखी एक गोष्ट आयांच्या कानावर घालावयाची आहे. घड्याळातली वाट मोबाइलवरून सर्वांना दाखविण्याची मुलांना हौस असते. त्यात मुलगी रोज किती वाजता, कोणत्या घरातून, कोणत्या वाटेने एकटी जाते, हे सारे लिहिलेले असते. स्ट्रावा नावाच्या कंपनीने लोकांच्या अशा वाटा एकत्र करून नकाशा काढला, आणि २०१८ च्या जानेवारीत लोकांच्या लक्षात आले की त्यात परदेशांतल्या लष्करी तळांची जागा दिसते आहे. शिपायांची ही गोष्ट, मग आपल्या पोरींचे काय? वाट फक्त घरच्यांना दिसेल असे लावून घ्यावे आणि घड्याळ घरातून नव्हे, धक्क्यावर गेल्यावर सुरू करावे.

निगा फार अवघड नाही. दर वेळी गोड्या पाण्याने धुवावे. चार्जिंगच्या टिकल्या कोरड्या पुसाव्यात, तेथे मीठ बसले की गंज धरतो. साबण आणि कढत पाणी लावू नये. पाण्यात बटणे दाबू नयेत. “१०० मीटर” लिहिले म्हणजे शंभर मीटर बुडी मारावी असे नव्हे. तो स्थिर पाण्याच्या दाबाचा आकडा आहे. वल्हे धरताना मनगट वाकते, म्हणून घड्याळ हाडाच्या दोन बोटे वर बांधावे, तरच नाडीचे ठोके त्यातल्या त्यात बरे मोजते.

राहता राहिला पैशाचा प्रश्न. अशी घड्याळे दहा-बारा हजारांपासून लाखापर्यंत जातात. गटाची शिल्लक आपणा सर्वांना ठाऊक आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या भगिनी पाहुण्यांना होडीतून कांदळवन दाखवितात, त्या काही घड्याळांच्या जोरावर उभ्या राहिल्या नाहीत. आणि २०२२ च्या मे महिन्यात तारकर्लीला पर्यटकांची बोट उलटून दोघांचा जीव गेला, हे आपण अजून विसरलो नाही. माझ्या मुलीने हे काम करू नये असे मी म्हणत नाही. ते तिने करावे, चार पैसे मिळवावेत, आणि तुमच्याही मुलींनी करावे.

म्हणून माझी सूचना अशी. आधी प्रत्येक मुलीला आणि प्रत्येक पाहुण्याला बेताचे, अंगाला घट्ट बसणारे तरंगणारे जाकीट. मग फळीशी बांधून ठेवणारी दोरी, आणि तीही आपल्या खाडीत पायाला नव्हे तर कमरेला, एका झटक्यात सुटणारी. जाळ्यांचे खुंट आपल्याकडे जागोजाग आहेत. पायाची दोरी त्यात अडकली आणि पाण्याला ओढ असली तर वाकून ती सोडविता येत नाही. त्यानंतर एक शिटी, पाण्याची पिशवी आणि मोबाइलमध्ये ११२ व तटरक्षक दलाचा १५५४ हे दोन आकडे. धक्क्यावर एकीने बसावयाचे, कोण किती वाजता गेली आणि किती वाजता यावयाची ते वहीत लिहावयाचे, आणि वेळ टळून दहा मिनिटे झाली की होडी सोडावयाची. या बसण्याचेही पैसे धरावेत. ते फुकटचे काम समजू नये. एवढे करून पैसे उरले तर सर्वांत पुढे जाणाऱ्या मुलीसाठी एकच घड्याळ घ्यावे. पहिले दोन महिने पाहुणे न नेता मुलींनी निरनिराळ्या तिथींना, निरनिराळ्या वेळी खाडीत जाऊन यावे आणि जाण्या-येण्याची मिनिटे वहीत उतरवावीत. आपल्या खाडीची ओढ कुठे, केव्हा, किती, हे त्यातून मांडता येईल. गणित मी करीन.

मुलीचे घड्याळ मी पिशवीतून आणले आहे. चहा होताच ज्यांना पाहावयाचे असेल त्यांनी माझ्याकडे यावे. माझी सूचना पुढच्या सभेच्या कामात घ्यावी, अशी चिटणीसबाईंना विनंती आहे.